उलटी उभी राहणारी सळई

दोनशे माणसं एका सुरात गुणगुणत होती आणि टेबलावर एक सळई उलटी उभी होती. बुडाशी सैल बिजागरी, वर कशाचाही आधार नाही. कंपनगुरूंनी तिला बोटाने ढकललं. ती कलली, डोलली आणि पुन्हा ताठ उभी राहिली.

"बघा! हे क्वांटम!" गुरू गरजले. "ताल मिळाला की अणूसुद्धा स्वभाव बदलतो. मग तुमच्या पेशींना काय धाड भरलीय? सात दिवस माझा ताल धरा. गोळ्या-सुया टाका कचऱ्यात!"

मला भीती वाटली, कारण शब्द आमचेच होते. मी काम करते त्या प्रयोगशाळेत अतिथंड अणूंना प्रकाशाचे एकसारखे, तालबद्ध धक्के देतात. त्या तालात अणू खरोखर वेगळे वागतात. पण ते हवा काढून घेतलेल्या डब्यात आणि क्षणभरच. गुरूंनी सोयीचं अर्धं वाक्य तेवढं उचललं होतं.

सळईचा प्रयोगही आमचाच. गेल्या वर्षी प्रयोगशाळा लोकांना खुली होती, तेव्हा तो मीच दाखवला. टाळ्यांच्या हौसेपायी खालच्या मोटरवर काळं कापड टाकलं आणि म्हणाले, "ओळखा बघू!" तेवढ्यात पुढचा गट आत आला, कापड उचलायचं राहिलं. दिवसभरात सात गट आले आणि सातही वेळा ते राहिलं. आता गुरूंच्या सळईखालीही तसंच काळं कापड होतं.

माझी ताई पहिल्या रांगेत बसली होती. लहानपणापासून ती इन्सुलिनवर जगते, आणि तीन दिवसांपासून तिने ते बंद केलं होतं. श्वास खोल, भरभर चालला होता. तोंडाला जास्त पिकलेल्या फळासारखा वास येत होता, इन्सुलिन तुटल्याची धोक्याची खूण.

"ताई, ऊठ. दवाखान्यात चल."

"गप गं. मध्येच उठलं तर सगळं अंगावर उलटतं म्हणालेत."

ती हलेना. मी सरळ टेबलाकडे गेले आणि त्याच्याखालून निघालेल्या वायरचा भिंतीतला प्लग उपटला. सळई खाडकन पडली. गुरूंच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही.

"हिच्या संशयाने ताल मोडला! बाहेर काढा हिला!"

दोघांनी माझे दंड धरले. मी ओरडले, "माझा हात पापी, कबूल! पण ताईची तर श्रद्धा आहे ना? प्लग लावून बटण तिला दाबू द्या!"

"दाबू दे की!" मागून कुणीतरी म्हणालं.

"आत्ता योग्य घडी नाही," गुरू पुटपुटले. लोकांची चुळबुळ सुरू झाली.

टेबलाची कड धरत ताई उठली. तिने प्लग खोचला, सळई उभी केली. ती उभी राहिली. बटण बंद केलं, ती पडली. पुन्हा तेच केलं, पुन्हा तेच झालं.

"आता गुणगुण थांबवा," मी म्हणाले. सभागृह गप्प झालं. ताईने बटण दाबलं, आणि कापडाखालून तोच सूर आला. इतका वेळ दोनशे गळे त्या आवाजावर पांघरूण घालत होते.

ताईने कापड ओढलं.

"अरे, ही तर फळ्या कापायच्या मशीनची मोटर!" एक सुतार उठून म्हणाला.

ती मोटर बैठकीला नखभर वर-खाली झटके देत होती, डोळ्यांना दिसणार नाहीत इतके भरभर. सळईला पडायला सवड मिळण्याआधीच पुढचे झटके तिला सावरत होते. त्यात ना मंत्र, ना क्वांटम.

"तू हेच दाखवलं होतंस," ताई म्हणाली. "मी होते तेव्हा गर्दीत. म्हणून तर विश्वास ठेवला." आणि ती खाली कोसळली. गुरू मागच्या दाराने पसार झाले, ते अजून सापडलेले नाहीत.

ताई वाचली. चार दिवस अतिदक्षता विभागात होती, मूत्रपिंडं मात्र पूर्वीसारखी राहिली नाहीत. मी कपाळ बडवून घेतलं, पण त्याने काय होणार?

डॉक्टरीणबाईंनी मला विचारलं, "सभागृहात किती जण होते म्हणालात?"

"दोनशे."

"आमच्याकडे पाचच आलेत."

मोटर डोळ्यांनी पाहूनही उरलेल्यांतले कितीतरी आपापल्या घरी सातवा दिवस मोजत असतील. म्हणून सांगते, विज्ञानाचे शब्द वापरले म्हणून कुणी वैज्ञानिक होत नाही. दाखवणारी सख्खी बहीण असली तरी विचारा, हे कशावर चालतं? आणि तुमच्या घरात कुणी औषध सोडून डोळे मिटून बसलं असेल, तर हे वाचन इथेच थांबवा आणि आधी त्याला दवाखान्यात न्या.