चहाची इमर्जन्सी

आमच्या सासूबाई वृद्धाश्रमात गेल्या त्या स्वतःच्या मर्जीने. "तुमच्या घरात पत्ते खेळायला धड चार माणसं जमत नाहीत," हे कारण त्यांनी आम्हा नवरा-बायकोच्या तोंडावर सांगितलं. पुढे त्याच आश्रमात बिनतारी पट्ट्यांचं नेटवर्क बसवायचं काम आमच्या कंपनीकडे, म्हणजे माझ्या गळ्यात आलं. जावई, आणि त्यात कामाला आलेला! सासूबाईंना आयतंच सावज मिळालं.

व्यवस्था साधी होती. प्रत्येकाच्या मनगटावर एक पट्टा. पट्टा नाडी मोजून जिन्यातल्या डब्याकडे पाठवणार आणि डबा ती नर्सच्या टेबलावरच्या पडद्यावर दाखवणार. बॅटरी टिकावी म्हणून स्वस्थ बसलेल्या माणसाचा पट्टा अधूनमधूनच बोलायचा. हात जोरात हलवला की मात्र ती इमर्जन्सी. तो निरोप सगळ्यांना मागे टाकून पुढे जायचा आणि आया पळत यायची.

बेल वाजवली तर आया रमतगमत येते आणि हात हलवला तर पळत, हा शोध सासूबाईंनी पहिल्याच आठवड्यात लावला. तो स्वतःपुरता ठेवतील तर त्या सासूबाई कसल्या! दुपारी चहाच्या वेळेला अख्खा हॉल हात झटकायला लागला. कोणाला साखर कमी पडली होती, कोणाला खिडकी लावून हवी होती, आणि एका निवृत्त कंडक्टरांना नुसतंच कोणीतरी यायला हवं होतं.

त्यात माणसांची गर्दी झाली की रेडिओच्या लहरी आधीच अडखळतात. माणूस म्हणजे शेवटी पाण्याचा हंडाच, आणि पाणी लहरी पिऊन टाकतं. सकाळी रिकाम्या हॉलमध्ये गुणी बाळासारखं वागणारं माझं नेटवर्क चहाच्या वेळी हातपाय गाळायचं.

मेट्रनबाईंनी मला बोलावून झाडलं. "काल चहाच्या वेळी मास्तरांची नाडी पडद्यावरून गायब! कारण काय, तर बाकीच्यांना बिस्किटं हवी होती."

मास्तर म्हणजे सासूबाईंचे पत्त्यांतले भिडू. आयुष्यभर भूगोल शिकवलेला माणूस. हृदय अधू, आणि स्वभाव असा की तुम्ही त्यांच्या पायावर पाय दिलात तरी माफी तेच मागतील. त्यांची नाडी सतत दिसली पाहिजे, या अटीवर डॉक्टरांनी त्यांना आश्रमात राहू दिलं होतं.

"पुन्हा गायब झाली तर त्यांना हॉस्पिटलच्या वॉर्डात हलवावं लागेल," मेट्रनबाई म्हणाल्या. "कायमचं."

मी सासूबाईंना गाठलं. "आई, तुमच्या चहापायी मास्तरांची नाडी अडकते."

"मग रस्ता रुंद करा."

"रस्ता आहे तेवढाच आहे."

"मग जावईबापू, तुम्ही इंजिनीअर कशाला झालात?"

हे झोंबलं. मी इरेला पेटलो आणि नवा नियम घातला. जो उठसूट हात हलवेल त्याचा निरोप दर खेपेला मागे मागे ढकलायचा. 'लांडगा आला रे आला' म्हणणाऱ्याला दुसरं काय करणार? मोकळ्या झालेल्या वाटेने मास्तरांसारख्यांची नाडी सुखरूप पोचणार. थोड्याच दिवसांत सासूबाई रांगेच्या पार शेपटाला गेल्या, आणि खरं सांगतो, मला गुदगुल्या झाल्या.

मग एके दिवशी ऐन चहाच्या वेळी मी मेट्रनबाईंना पडदा दाखवायला गेलो. हॉल गच्च भरलेला, तरी पडदा हिरवागार. मास्तरांची मगाशी आलेली नाडी ठणठणीत. अगदी खाली एक बारीक करडी ओळ मात्र लुकलुकायला लागली. सासूबाई. थांबायचं नाव नाही.

"बघा," मी म्हणालो, "आमच्या सासूबाई चहासाठी जिवाच्या आकांताने हात हलवतायत आणि नेटवर्क ढिम्म!"

मेट्रनबाईसुद्धा हसल्या. तेवढ्यात पडदा लालभडक झाला. इमर्जन्सी. पट्टा मास्तरांचा.

आम्ही धावलो. हॉलच्या टोकाला मास्तर खुर्चीतच कलंडले होते, ओठ निळे पडले होते. सासूबाई जमिनीवर गुडघे टेकून, त्यांचं मनगट दोन्ही हातांनी धरून गदागदा हलवत होत्या. नर्सने ऑक्सिजन लावला, इंजेक्शन दिलं. अँब्युलन्स आली तोवर मास्तरांनी डोळे उघडले होते आणि स्ट्रेचरवरून ते आयाला म्हणत होते, "तुम्हाला उगाच त्रास."

मी सासूबाईंना खुर्चीत बसवलं.

"आई, ओरडायचं ना!"

"ओरडले की. इथे ऐकू कोणाला येतंय? त्यात टीव्ही. माझा हात हलवून हलवून दमले, कोणी फिरकलं नाही. मग त्यांचा हलवला."

"ते कसं सुचलं?"

"सुचायचं काय त्यात? चहा गार यायला लागला तेव्हाच कळलं, यंत्र आता माझं ऐकत नाही. त्यांचं ऐकणार हे ठाऊक होतं. त्यांनी एकदाही हात हलवलेला नाही. मी हलवूच दिला नाही. म्हटलं, मास्तर, तुमची हाक राखून ठेवा. त्यांचा चहा, त्यांचं पांघरूण, त्यांची खिडकी, सगळं मीच मागवायचे."

म्हणजे दोघांच्या हाका ही बाई एकटी मारत होती, आणि त्यापायी मी तिला शेपटाला बसवलं होतं. वर हसलो होतो. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिथेच लॅपटॉप उघडला.

"काय करताय?"

"तुम्हाला रांगेत पुढे घेतोय."

"माझं मरू द्या," सासूबाई म्हणाल्या. "आज मी त्यांचा हात इतका हलवलाय, त्याने त्यांचा नंबर मागे नाही ना गेला? ते आधी बघा."

मी बघितलं. गेला होता.