मामाच्या भरवशावर

"घ्या मामा, तुमचा माल परत आणलाय," असं म्हणून दारवालीने, म्हणजे लाकडी दारं घडवणाऱ्या बाईने, रुमालाची पुरचुंडी काउंटरवर ठेवली. तिच्या डाव्या डोळ्याखाली जाड पट्टी होती आणि त्या बाजूचा गाल सुजून वर आला होता.

पुरचुंडीत राउटरचं बिट होतं, दाराच्या कडेला नक्षी काढायचं. दोन पात्यांपैकी एकच दांडीला उरलं होतं. दुसऱ्याच्या जागी नुसता काळपट डाग.

"दुसरं पातं कुठाय?" मामाने विचारलं, आणि विचारतानाच त्याला उत्तर कळलं.

"डॉक्टरांनी काढून दिलं. गालात रुतलं होतं. आणखी बोटभर वर बसलं असतं तर डोळा गेला होता, म्हणाले."

राउटर हे हातात धरायचं यंत्र. त्यात बोटाएवढं बिट मिनिटाला हजारो फेरे घेतं आणि लाकडाची कड कापत जातं. एवढ्या वेगात पातं सुटलं तर ती बंदुकीची गोळीच.

"जास्त रेटलंत का?" मामाच्या तोंडून सवयीने निघून गेलं.

"मी काय काल शिकले हे काम?" ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "दुसऱ्या दुकानात गेले ना मामा, की बिट दहा वेळा फिरवून बघते. पातं बघते, जोड बघते. तुम्हीच शिकवलंय. तुमच्याकडे आले की नाही बघत. तुम्ही दिलंत, मी पिशवीत टाकलं."

"बदलून देतो मी. आत्ता देतो."

"नको," ती म्हणाली आणि रुमाल तेवढा उचलून घेऊन गेली. चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं, असं मामाला वाटलं.

बाजारात त्याला सगळे मामाच म्हणत. दुकान त्याच्या दाजींचं, म्हणजे थोरल्या बहिणीच्या नवऱ्याचं. भाचरं लहान होती तेव्हा दुकानात येऊन काउंटरखाली लपायची, मामा मामा करून डोकं उठवायची. त्यांचं ऐकून गिऱ्हाइकंही तेच म्हणायला लागली. भाचरं मोठी होऊन लांब गेली, नाव तेवढं मागे राहिलं. आई लवकर गेल्यावर ताईनेच त्याला वाढवलं होतं, आणि लग्नानंतर नवऱ्याच्या मागे लागून दुकानात लावलं होतं. त्याने स्वतः लग्न केलं नाही. झोपायला भाड्याची खोली आणि जेवायला ताईचं घर, यात त्याचा संसार मावला.

खिळे-बिजागऱ्यांत तो कधी रमला नाही. रमला तो बिटांत. धार नखावर टेकवून बघायची, अडली तर चांगली, घसरली तर बिट परत डब्यात. पातं जाड हवं, म्हणजे पुन्हा पुन्हा धार लावता येते. पातं आणि दांडी यांच्यामधला जोड भरलेला हवा, केसाचीही फट नको. हे तो प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला न कंटाळता सांगायचा. कुणी स्वस्तातलं मागितलं तर म्हणायचा, "स्वस्त हवं तर दोरी न्या. तिने कुणाचं बोट तुटत नाही." लोक हसायचे आणि महागाचं घेऊन जायचे.

अलीकडे मात्र माल दाजी स्वतः आणत होते. नेहमीच्याच कंपनीचा निळा डबा, त्यावर अस्सल मालाची चंदेरी चकती, सीलबंद. घरच्या माणसाने आणलेला सीलबंद डबा कोण फोडून बघतो? मामानेही बघितला नव्हता. मध्ये एक मिस्त्री कुरकुरत आला होता, धार चार दिवस टिकत नाही म्हणून. मामा त्यालाच म्हणाला होता, "तुमचा हात घाईचा झालाय." मिस्त्री ओशाळून गेला होता.

आता मामाने एक डबा फोडला. मग दुसरा, तिसरा. नखावर धार सरळ घसरत होती. पाती कागदासारखी पातळ, आणि जोडात फट. काचेच्या कपाटात एक जुनं बिट डब्यासकट नमुन्याला ठेवलेलं होतं, ते काढून त्याने शेजारी धरलं. डबे जुळे भाऊ होते. आतला माल सख्खा सोडा, सावत्रही नव्हता.

दाजी आतल्या खोलीत चहा पीत होते.

"दाजी, ही बिटं आपल्या कंपनीची नाहीत."

"हळू बोल," दाजी म्हणाले.

त्या दोन शब्दांत मामाला सगळं मिळालं. तो खुर्चीत बसायचा विसरला.

"दारवालीच्या गालात पातं घुसलं, दाजी."

"तिच्या औषधपाण्याचं आपण बघू ना. मी काय राक्षस आहे?" दाजींनी कप खाली ठेवला. "अरे, सगळा बाजार हेच विकतो. फक्त डबे आपण जरा नीटनेटके करून घेतले."

"मला का नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं तर तुझ्या तोंडावर दिसलं असतं. तुला खोटं बोलता येत नाही." दाजी चक्क हसले. "गिऱ्हाईक डब्याकडे बघून माल घेत नाही, वेड्या. तुझ्याकडे बघून घेतं."

ते हे कौतुकाने म्हणाले. नेमकं तेच मामाला सोसवलं नाही.

तो तसाच ताईकडे निघाला. तिला सांगायला हवं होतं, आणि सांभाळून सांगायला हवं होतं. तिचं ब्लडप्रेशर, तिचा हळवा स्वभाव. नवऱ्याने असं केलंय म्हटल्यावर ती हाय खाईल. वाटेत त्याने दोन-तीन वाक्यं मनात जुळवली आणि मोडली. आधी जेवू, मग सांगू, असं ठरवून त्याने दार ढकललं.

ताई जेवणाच्या टेबलापाशी बसली होती. एका बाजूला निळ्या डब्यांची चळत, दुसऱ्या बाजूला सुट्या बिटांचा ढीग. मधे चंदेरी चकत्यांचा कागद. ती एकेक चकती नखाने सोडवून डब्यावर चिकटवत होती, लहानपणी त्याच्या वह्यांवर नावाच्या चिठ्ठ्या चिकटवायची तशीच, जीभ ओठांत धरून.

"अगंबाई, आज लवकर?" ती उठली आणि तिने घाईने टेबलावर टॉवेल टाकला. पण टॉवेल हात पुसायचा, टेबल सहा माणसांचं.

"ताई, तुला माहीत होतं?"

"आधी बस. पाणी पी."

"माहीत होतं?"

"दुकान बुडायला आलं होतं रे. तुला काय, तू सकाळी काउंटरवर उभा राहिलास की तुझं जग तिथेच संपतं."

"मग मला सांगायचंत. मी काही परका नव्हतो."

ताईने पाण्याचा पेला त्याच्यापुढे सरकवला. "हे सांगणारच होते तुला. मीच नको म्हटलं."

"तू?"

"तुझ्या जिवाला उगीच घोर नको म्हणून." मग नजर टॉवेलवर ठेवून ती म्हणाली, "आणि तू नाही म्हणाला असतास."

मामाने पेल्याला हात लावला नाही. परक्याने फसवलं असतं तर त्याच्या नावाने शंख तरी करता आला असता. इथे केसाने गळा कापला होता, आणि कापणारी विचारत होती, पाणी हवंय का. सगळा बाजार त्याला मामा म्हणत असे. खरोखरचा मामा बनवला तो घरच्यांनी.

"एका बाईचा डोळा थोडक्यात वाचला, ताई."

"कुणाचा?"

"दारवालीचा."

ताईचं लक्ष नकळत दाराकडे गेलं. हे दारही त्याच बाईने केलेलं होतं. "आता बरी आहे ना पण?" तिने विचारलं. तिच्या अंगठ्याला एक चकती चिकटून राहिली होती. ती खरवडून काढायच्या नादात तिने उत्तराची वाट पाहिली नाही. "चल, पान वाढते. रिकाम्या पोटी डोकं फिरतं माणसाचं."

"भूक नाही," मामा म्हणाला. या घरात तो असं पहिल्यांदाच म्हणाला होता.

दुसऱ्या दिवशी त्याने नेहमीसारखं दुकान उघडलं. दाजीही आले. कालचा विषय संपला, अशा थाटात त्यांनी पेपर उघडला. दुपारच्या सुमारास एक शाळामास्तर आले. घरच्या घरी पुस्तकांचं कपाट करायचा छंद त्यांना लागला होता.

"मामा, एक चांगलंसं बिट द्या. मला त्यातलं काही कळत नाही. तुम्ही म्हणाल ते."

मामाचा हात फळीकडे गेला आणि तिथेच राहिला.

"आमच्याकडे चांगलं बिट नाही," तो म्हणाला.

"मामाची चेष्टा हो!" दाजी पेपर टाकून पुढे आले आणि त्यांनी निळा डबा काउंटरवर ठेवला. "हे घ्या. आमचं सगळ्यात खपणारं."

मास्तर डब्याकडे न बघता मामाकडे बघत राहिले.

"घेऊ नका," मामा म्हणाला. "पातं सुटतं त्याचं. परवा एका बाईला लागलंय."

मास्तर घोटाळले, "बरं, बघतो मग," असं काहीतरी पुटपुटले आणि पायऱ्या उतरून गेले. दाजींचा चेहरा लाल झाला होता, पण ते ओरडले नाहीत.

"ज्या ताटात जेवतोस ना..." ते म्हणाले आणि वाक्य अर्धंच सोडलं. "घरी जा. डोकं ठिकाणावर आलं की ये."

मामाने अंगातला दुकानाचा कोट काढला, घडी घालून स्टुलावर ठेवला आणि तो बाहेर आला.

भर दुपारी हा रस्ता कसा दिसतो, हे त्याला माहीतच नव्हतं. समोरच्या शिंप्याच्या दुकानावर उन्हाचा पडदा ओढलेला होता. फुटपाथवर एक कुत्रं पाय ताणून झोपलं होतं. माणसं आपापल्या कामाला जात होती आणि त्याला कुठेही जायचं नव्हतं. चालत चालत तो बसथांब्याशी आला आणि बाकावर बसला.

फोन वाजला. ताईचा होता. त्याने लगेच उचलला. तिने काहीही म्हटलं असतं तरी त्याला चाललं असतं.

"अरे, गोदामाची किल्ली तुझ्याबरोबर गेली का? हे कधीचे शोधतायत."

"नाही. दारामागे खिळ्याला आहे."

"बरं," ती म्हणाली. मग फोन बंद झाला.

बस आली, थांबली. ड्रायव्हरने त्याच्याकडे पाहिलं. मामाने हातानेच 'तुम्ही जा' म्हणून खूण केली आणि बाकावर थोडा कडेला सरकून बसला, कुणी आलंच तर जागा असावी म्हणून.