माझ्या बोल्टवरचा खोटा नंबर

मित्रांनो, घाबरू नका, जवळ बसा. आज माझ्या पोटात काडतूस नाही. मी एक म्हातारी लष्करी रायफल आहे. माझी हकिकत तुम्ही नीट ऐकावी, एवढीच माझी इच्छा आहे.

माझा जन्म दूर एका थंड देशातल्या कारखान्यात झाला. तिथे एका बाईने कानशीने घासून, पुन्हापुन्हा बसवून पाहून माझा बोल्ट माझ्याशी जुळवला. बोल्ट म्हणजे बार उडताना काडतुसाला मागून घट्ट दाबून धरणारा लोखंडी अडसर. आग आणि माणसाचा चेहरा यांच्या मध्ये तेवढा एकटाच उभा असतो. मग तिने आम्हा दोघांवर एकच नंबर ठोकला. लढाईत मी चिखलात लोळले, बर्फात गारठले, पण माझा बोल्ट कधी ढळला नाही.

लढाई सरली. मला ग्रीसमध्ये बुडवून कोठारात टाकले आणि सगळे विसरून गेले. पुढे जुन्या मालाबरोबर मलाही विकले. जहाजावर चढवताना आमचे बोल्ट काढून वेगळ्या पेट्यांत भरले. अमेरिकेत उतरल्यावर हाताला आला तो बोल्ट हाताला आली त्या रायफलीत बसला. माझा कुठे गेला, देव जाणे. माझ्या वाट्याला परका आला, आणि तो सैल होता. केसभरच सैल, पण आगीला तेवढी फट पुरते.

तरी त्याच्यावरचा नंबर निराळा होता, तोवर खरे काय ते निदान माझ्या अंगावर लिहिलेले होते. एका विक्रेत्याने तेही घासून टाकले. जुळत्या नंबरांची रायफल शौकिनांना फार आवडते, म्हणून त्याने परक्या बोल्टवर माझाच नंबर ठोकला. तेव्हापासून मला धास्ती लागली. मला जीभ नाही, मित्रांनो. माझ्या वतीने तो नंबरच बोलतो, आणि तो खोटे बोलत होता.

मला विकत घेतले केंटकीच्या डोंगरातल्या ऑर्विल कोम्सने. जन्म कोळशाच्या खाणीत गेलेला, पण मोठा भाविक माणूस. त्याच्या चर्चमधले पाद्रीबाबा प्रवचन नुसते सांगत नाहीत, गातात. सूर चढत जातो, प्रत्येक श्वासाला ठेका पडतो आणि बाकांवरून ‘होय प्रभू!’ उठते. ऑर्विल तेच सूर गुणगुणत कढत पाण्याने माझे ग्रीस काढी. इतक्या मायेने मला कुणी पुसले नव्हते. तरी माझा जीव थाऱ्यावर नव्हता. शनिवारी चर्चच्या आवारात नेमबाजी होती. पहिल्या बाराचा मान ऑर्विलच्या बायकोचा असे. ती वारल्यावर तो मान लेकीकडे, ओडेसाकडे आला होता. यंदा तो बार माझ्यातून निघणार होता. नेम धरताना माझ्या लाकडी दस्त्याला तिचा गाल टेकणार होता.

आदल्या दिवशी ओडेसा आली.

“बघ पोरी, नंबर जुळतोय! असा माल मिळत नाही हल्ली.”

“बंदुकांच्या जाणकाराला दाखवलीत?”

“त्याचं दुकान सोमवारपर्यंत बंद आहे. आणि दाखवायचं काय त्यात? सगळं जुळलंय.”

“माझ्या लग्नातही सगळं जुळलं होतं, बाबा. गाव एक, चर्च एक. टिकलं?”

“तो माणूस होता गं. हे लोखंड आहे.”

“मग सोमवारपर्यंत थांबा. नाहीतर आत्ता टायरला बांधा, लांबून दोरीनं चाप ओढू. त्याशिवाय मी हिला गाल लावणार नाही.”

“टायरला? शेजारच्या व्हर्लिननं पाहिलं तर दात काढील!”

“काढू देत. आहेत तरी किती त्याला?”

ऑर्विल खो खो हसला, आणि तिथेच हरला.

ऑर्विलच्या कोठाराच्या मागे मला जुन्या टायरला करकचून बांधले. बापलेक ट्रकच्या आड गेले. दोरी ताणली गेली. ऐकून ऐकून पाठ झालेली एकच प्रार्थना मी म्हटली: होय प्रभू, त्यांना तिथेच ठेव.

बार झाला. काडतुसाची पुंगळी बुडाशी फाटली. आग त्या फटीतून मागे उसळली आणि माझा दस्ता उभा चिरला. एक लाकडी ढलपी टायरमध्ये बोटभर रुतली.

सोमवारी दुकान उघडल्यावर त्या जाणकाराने माप लावले. “बोल्ट हिचा नाहीच,” तो म्हणाला. “नंबर मागून ठोकलाय.”

ऑर्विलने मान हलवली. मग त्याने हात लांब करून लेकीच्या उजव्या गालावर ठेवला. जिथे माझा दस्ता टेकला असता, तिथेच.

“असं काय बघताय, बाबा?”

“काही नाही. आहेस ना, ते बघतोय.”

मित्रांनो, तुम्ही मुलांनी तर मला हातच लावू नका, मोठ्यांना हाक मारा. आणि मोठ्यांना माझा निरोप सांगा. माझी चकाकी पाहून, माझे नंबर वाचून भुलू नका. आधी जाणकाराकडून माझे माप घ्या. मला टेकणारा प्रत्येक गाल कुणाच्या तरी लेकराचा असतो. दुकान बंद असेल तर सोमवारपर्यंत थांबा. मी इतकी वर्षे थांबले आहे. मला कसली घाई?