मोज्यातली बाटली

‘सदर तुकड्यातील द्राक्षे सामान्य प्रतीची असून केवळ मिश्रणास योग्य असल्याचे चाखणी समितीस आढळून आले आहे. तथापि, सभासदाच्या दीर्घ सेवेचा आदर म्हणून संघ हा तुकडा विकत घेण्यास तयार आहे.’

गावच्या सहकारी वाइन संघाचा हा निर्णय बेरांझेर कास्तांला आता तोंडपाठ झाला होता. तुलूझच्या विद्यापीठात ती मध्ययुगीन दानपत्रे शिकवीत असे. मठांनी शेतकऱ्यांच्या जमिनी कोणत्या भाषेत गिळल्या, हा तिचा अभ्यासविषय; आणि त्या भाषेत कर्ता कधीच सापडत नाही, हा तिचा निष्कर्ष. ‘आढळून आले’ म्हणजे कुणाला, कधी, कोणत्या पेल्यातून? समितीचे सदस्य संघाचे चेअरमन बार्तेलमी आझेमांनी नेमलेले, आणि समितीचे अध्यक्षही आझेमाच. शिवाय ते ‘तथापि’! सामान्य जमीन निव्वळ आदरापोटी विकत घेणारी संस्था तिला हजार वर्षांच्या कागदपत्रांत एकदाही भेटली नव्हती.

पण चिरफाड कितीही नेमकी असली तरी त्यामुळे उद्याचा रविवार टळणार नव्हता. आझेमा घरी जेवायला येणार होते आणि जेवणानंतर तिचे वडील फ्युल्क्रां आपला तुकडा संघाला विकल्याच्या कागदावर सही करणार होते.

“पापा, थोडे दिवस थांबा तरी,” ती फोनवर म्हणाली होती.

“कशाला? अख्खा जन्म त्या वेली छाटण्यात गेला, आणि निघालं काय, मिश्रणाचा माल. समितीपेक्षा मला जास्त कळतं का?” मग जरा थांबून ते म्हणाले, “येताना शहरातून एक बरी रेड घेऊन ये. आपली नको. बार्तेलमीसमोर आपली ठेवायची लाज वाटते. आणि फार महागही नको, नाहीतर म्हणेल, म्हातारा शायनिंग मारतोय.”

म्हणून शनिवारी दुपारी बेरांझेर सुपरमार्केटच्या शरद ऋतूतल्या वाइनच्या जत्रेत येरझारा घालीत होती. बारा युरोंपर्यंत जायची तिची तयारी होती. एक बाटली उचलावी, ठेवावी, पुढे जाऊन परत यावे, असे चालले होते. प्रत्येक बाटलीवर सुवर्णपदक चिकटवलेले. एवढी पदके वाटणाऱ्या देशात पराभूत तरी कोण उरले असेल? प्रत्येक लेबलवर एखादा किल्ला. जवळ जाऊन पाहावे तर त्यातले निम्मे किल्ले म्हणजे गोदामाचा पत्रा आणि चित्रकाराची कल्पना. जाड काचेची जड बाटली हातात आली की माणसाला आतले द्रव्यही भारदस्त वाटू लागते. ती बाटली तिने तुच्छतेने परत ठेवली. काचेचे पैसे मोजायला ती आली नव्हती. प्रसिद्ध प्रदेशाची स्वस्त बाटलीही तिने टाळली, कारण तिथे नावाचेच पैसे पडतात आणि वाइनला उरत नाहीत. तिची पद्धत ग्रंथालयातलीच होती. मुखपृष्ठावर विश्वास ठेवायचा नाही; बाटली उलटी करून, वाइन भरली कुणी आणि कुठे, ती सर्वांत बारीक अक्षरांतली ओळ वाचायची.

अशीच एक साधी, हलकी बाटली तिने उलटी केली. बारीक ओळीत तिच्याच गावचा संघ होता. तिने बाटली सुलटी केली. वर ठसठशीत अक्षरांत एकच शब्द होता: ‘जास’.

तिने ती बारीक ओळ पुन्हा एकदा वाचली.

जास म्हणजे रानात ससा अंग मुडपून बसतो तो खळगा. जुन्या बोलीतला शब्द. टेकडीवरच्या त्यांच्या तुकड्याला तिच्या आजोबांनी ते नाव दिले होते. सरकारी नकाशात तिथे नुसता आकडा होता. त्या नावाने त्या जमिनीला हाक मारणारी माणसे म्हणजे कास्तां कुटुंब, आणि लहानपणी तिथे सशांमागे धावलेला पापांचा मित्र, बार्तेलमी आझेमा. गावच्या दुकानात ही बाटली तिने कधी पाहिली नव्हती. मिश्रणाचा माल म्हणून पापांकडून घेतलेली द्राक्षे संघ वेगळ्या बाटलीत भरून शहरात विकत होता की काय?

पण नाव चोरता येते. चोरलेले नाव कुठल्याही टाकीवर चिकटवता येते, आणि आझेमा नेमके तेच सांगून सुटतील. पुरावा बाटलीच्या बाहेर नव्हता, आत होता. आणि तो वाचू शकणारा साक्षीदार गावात एकच होता. तो म्हणजे आरोपी.

रविवारी रानडुकराचा रस्सा टेबलावर आला, तेव्हा तिने बाटली पापांच्या लोकरी मोज्यात घालून आणली. पाहुण्याने न बघता वाइन ओळखायची, हा त्या घरचा जुनाच खेळ.

“वा, प्रोफेसरबाई आमची परीक्षा घेणार!” आझेमा हसले. त्यांच्या नाकाची कीर्ती पंचक्रोशीत होती.

त्यांनी पेला नाकाशी नेला आणि हसू तिथेच थांबले. पुन्हा हुंगले. एक घोट जिभेवर फिरवला.   सहीचे पेन पापांच्या ताटाशेजारीच पडले होते.

“बरी आहे,” आझेमा पेला खाली ठेवत म्हणाले. “रोन नदीच्या बाजूची असावी.”

म्हणजे ओळखली. आणि आता ते गप्प बसणार. कागदावर खोटे बोलणे त्यांना नवे नव्हते. पेल्यासमोर खोटे बोलताना मात्र त्यांची मान खाली गेली होती. बेरांझेरने नेमके तिथेच बोट ठेवायचे ठरवले.

“सुपरमार्केटमधली आहे हो,” ती सहज म्हणाली. “मला तर सामान्य प्रतीची वाटते. मिश्रणाचा माल.”

“हो, जरा पातळच आहे,” पापा भाबडेपणाने म्हणाले.

“पातळ?” आझेमांचे कान लाल झाले. “जीभ मेली का तुझी, फ्युल्क्रां?”

“त्यांच्यावर कशाला चिडता, मस्यू आझेमा? रोन तुम्हीच म्हणालात, आणि तेही चूक. वय झालं की नाक जातंच. संघात आता एखादा तरुण चाखणारा नेमा, म्हणजे लोक हसणार नाहीत.”

पापांनी पेन उचलले होते. “जाऊ दे गं, होतं असं. बार्तेलमी, कुठे करू सही?”

आझेमांना तो प्रश्न ऐकूच आला नाही. ते उभे राहिले होते, आणि त्यांचे बोट मोज्यावर रोखलेले होते.

“नाक गेलं? माझं? अगं, डोळे बांधून दे, झोपेतून उठवून दे, तरी सांगेन मी, ही जासची आहे! तुझ्या बापाच्या वेलींची! दरवर्षी मी स्वतः तिला वेगळ्या टाकीत ठेवतो, दुसऱ्या कशाचा एक थेंब तीत मिसळू देत नाही, आणि तू हिला सामान्य म्हणतेस?”