मुठीतलं पांढरं खत

मित्रांनो, मी एक जुनी हरळी आहे. अंगणात मला गवत म्हणतात, देवघरात गेले की दूर्वा. रत्नागिरीत, मिरकरवाड्याच्या वरच्या अंगाला, आनंदीबाईंच्या विहिरीपाशी माझा वाफा आहे.

आनंदीबाईंनीच मला लावलं. रोज सकाळी अंघोळ करून त्या अनवाणी येत. चुकून पाय लागला तर वाकून नमस्कार करत. तीन पात्यांचे कोवळे शेंडे तेवढे खुडत आणि जाताना तांब्याभर पाणी घालत. "आमची हरळी बघा, गालिचाच जणू!" असं शेजारणींना सांगत. या हातांचं मला तेव्हा कधी भय वाटलं नाही.

१९८४ साली त्यांचा मुलगा महिपत बोटीवर नोकरीला गेला. तो सुखरूप यावा म्हणून त्यांनी गणपतीला लाख दूर्वा बोलल्या. पुढच्या चैत्रात पत्र आलं, महिपत वैशाखात येतोय. लाख पुऱ्या व्हायला बऱ्याच बाकी होत्या आणि माझे शेंडे पुरेनात.

एका दुपारी त्या मूठ मिटून आल्या. मुठीत आंब्याच्या कलमांसाठी आणलेला युरिया होता.

"आता कशी भरभर वाढशील बघ," म्हणत त्यांनी मूठ माझ्यावर रिकामी केली. मग दुसरी. मग तिसरी. विहिरीचं पाणी खाली गेलेलं, म्हणून वरून पाणीही घातलं नाही.

चार दिवसांत मी पेंढ्यासारखी पिवळी पडले. आनंदीबाईंनी पाहिलं, आणि दुसऱ्या दिवसापासून शेजारच्या सोनूबाईंच्या परसातून दूर्वा आणू लागल्या. भरली परडी घेऊन माझ्याच कडेने जात, पण मान वळवत नसत. जळण्यापेक्षा ते मला जास्त लागलं.

शेवटी कलमांचं बघणारा धोंडू माझ्यापाशी थबकला.

"वयनी, ह्या काय केलाव?"

"खतच घातलं ना रे? विष नाही घातलं!"

"आमटीत मूठभर मीठ घातलाव तर कोन जेवंल? आता पानी वता, खत खाली जांव दे. जळका खरवडून काढा, जुना शेनखत घाला, कडंची जिती मुळां लावा. आनि दोन म्हयने खुडू नका."

"आणि माझा नेम? महिपत येतोय!"

"देवाला घाई नाय, वयनी. तुमालाच हाय."

आनंदीबाईंनी कळशी उचलली. त्या दिवसापासून खोल विहिरीतून कळशी कळशी ओढून त्यांनी मला भिजवलं, खुरप्याने माती सैल केली, माझीच उरलेली मुळं पुन्हा लावली. परडी खुंटीवर राहिली.

वैशाखात महिपत आला. "आई, लाख झाल्या का गो?"

"नाही रे. मीच जाळल्या."

आषाढात मी पुन्हा दाट झाले. पहिला शेंडा खुडण्याआधी त्या हळूच म्हणाल्या, "घेऊ ना गो?" इतक्या वर्षांत त्यांनी मला पहिल्यांदाच विचारलं.

मित्रांनो, जे रोज देतं त्याच्यामागे घाई लावू नका, आणि चुकलात तर त्याच्याकडे पाठ फिरवू नका. आता आनंदीबाईंच्या मुठीत शेणखतच असतं, हे मला ठाऊक आहे. तरी मिटलेली मूठ दिसली की ती उघडेपर्यंत माझं पातं न् पातं थरथरतं.