पटरवरची खाच

भोंगा वाजला आणि सगळा खेळ जागच्या जागी थांबला. लांब कुठंतरी वीज चमकली होती, आणि अशा वेळी मोकळ्या मैदानात लोखंडी काठ्या घेऊन कुणी उभं राहायचं नाही असा गोल्फचा नियम. खेळाडू काय, त्यांच्या बॅगा वाहणारे काय, सगळे खोल्यांकडे पळाले. ताईही पळाली. खांद्यावर भावाची बॅग आणि मनात भीती.

विजेची भीती नव्हे हो! विजेला ती कसली भितेय. तिला भीती होती रिकाम्या वेळाची. भाऊ रिकामा बसला की त्याचे हात त्या पटरकडे जाणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

भावाला सगळे ढब्बू म्हणायचे. लहानपणी गुबगुबीत होता म्हणून पडलेलं नाव. आता अंगावर मूठभर मांस नाही, पण नाव काही सुटलं नाही. खरं नाव विचारलं तर त्याला स्वतःलाही क्षणभर आठवावं लागेल. आज ह्या ढब्बूचा एकच होल, म्हणजे एका भोकापर्यंतचा टप्पा, खेळायचा उरला होता, शेवटचा. तो ठरलेल्या फटक्यांत सुटला तर त्याचं कार्ड राहणार, म्हणजे पुढल्या वर्षी मोठ्या स्पर्धांत खेळायचा हक्क राहणार. एक फटका जास्त गेला की सगळं संपलं. मग कुठल्या तरी क्लबात पोटं सुटलेल्या साहेबांना काठी धरायला शिकवत बसायचं.

आणि हे सगळं टांगलेलं होतं एका पटरवर. पटर म्हणजे ती चपट्या तोंडाची आखूड काठी, चेंडू शेवटी भोकात ढकलायची. लांब फटके मारताना ढब्बूला कधीच काही व्हायचं नाही. पण भोक समोर आलं की एके काळी त्याचे हात लटपटायचे. दोन पावलांवरून चेंडू भलतीकडे जायचा. डॉक्टर झाले, प्रशिक्षक झाले, डोळे मिटून श्वास घ्यायला लावणारी एक बाई झाली. शेवटी गुण आला तो बाबांच्या जुन्या पटरनं. बाबा एका मैदानावर गवत कापायचं यंत्र चालवायचे. कुणा चिडक्या सभासदानं झुडपात भिरकावलेला पटर त्यांच्या यंत्राखाली आला आणि त्याच्या तळाला पात्याची एक खोल खाच पडली. सभासदाला तो नकोच होता, बाबांनी घरी आणला. बाबा गेल्यावर ढब्बूनं तो माळ्यावरून काढला, त्या खाचेवरून अंगठा फिरवला, चेंडू ढकलला, आणि हात स्थिर राहिला. थरथर गेली ती गेलीच.

मग आली कंपनी. मोठी, नावाजलेली. सगळ्या काठ्या आमच्याच वापरायच्या ही अट, आणि तिच्याशिवाय वर्षभर गावोगाव फिरणं ढब्बूला जमण्यासारखं नव्हतं. त्यानं सही केली आणि थेट ताईच्या दुकानात आला. ताईचं काठ्या दुरुस्तीचं दुकान. मुठी बदलणं, वाकडं सरळ करणं, वजन जुळवणं ही तिची रोजची कामं.

"ताई, आतून जुना ठेव, वरून नवा कर," तो म्हणाला. "जुन्या कंपनीचं नाव घासून काढ, ह्यांचं लाव. कुणाला कळता कामा नये."

"आणि कळलं तर?"

"तुझ्या हातचं काम कुणाला कळतंय?"

झालं, चढली बाई हरभऱ्याच्या झाडावर. पटर शिकंज्यात आवळला, घासायला घेतला, आणि त्याच्या मानेतून कट् असा आवाज आला. बाबांच्या यंत्रानं तेव्हाच मानेला चीर पाडलेली असणार, इतकी वर्षं ती कुणाला दिसली नव्हती. पटरचं डोकं वेगळं होऊन टेबलावर पडलं. भावाचा हात तोडल्यासारखं वाटलं तिला.

तेव्हा सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. कंपनीनं पाठवलेला कोरा पटर कोपऱ्यात पडला होता, तो तिनं उचलला. जुन्याची मूठ काढून त्याला चढवली. तराजूवर वजन बघत शिशाची पट्टी आत दडवली. आणि मग तळाला पुट्टी फासून वर रंग दिला, खाली काहीतरी लपवलंय असं वाटावं म्हणून. म्हणजे बघा, नव्याला जुन्याचं सोंग, आणि त्या सोंगावर पुन्हा नव्याचं सोंग! असला उपद्व्याप फक्त तिलाच सुचणार.

"खाच कुठंय?" ढब्बूनं पहिल्यांदा हातात घेतल्यावर विचारलं होतं.

"बुजवली. दिसली असती तर पकडला गेला असतास."

त्यानं मान डोलावली, आणि त्या दिवसापासून त्याचे चेंडू भोकात पडत गेले. प्रत्येक चेंडूबरोबर ताईची भीती वाढत गेली. त्याला कळलं तर? कळल्याबरोबर हात पुन्हा लटपटायला लागले तर? ती त्याची बॅग वाहायची ती खरं तर पटरवर नजर ठेवायला. दोन होलांच्या मधल्या वेळात ती तो पुसायच्या निमित्तानं काढून घ्यायची.

खोलीत आता खेळाडू बाकांवर पसरले होते. एकानं, ज्याला उंचीमुळे सगळे लांब्या म्हणत, ढब्बूला डिवचलं. "काय रे, मांडीवर घेऊन बसलायस पोरासारखा! मी दर महिन्याला कंपनी बदलतो. काही फरक पडत नाही. चेंडूला काय वाचता येतं?"

"चेंडूला येत नसेल, हाताला येतं," ढब्बू म्हणाला.

सगळे हसले. ताईही हसली, पण सगळ्यांत शेवटी.

तेवढ्यात दार उघडून कंपनीचा फिटर आत आला. काठ्या जुळवून द्यायला कंपनीनं ठेवलेला माणूस. नेहमी गप्पिष्ट, आज तोंड आंबट. सरळ ढब्बूपुढे उभा राहिला. "टीव्हीवर तुमचा पटर जवळून दाखवला मघाशी. तळाचा रंग उखडलाय. आम्ही तर तिथे रंग लावतच नाही. साहेबांचा फोन आलाय. जरा बघू द्या."

ढब्बूच्या तोंडचं पाणी पळालं. आता हा म्हणणार, पटर आपला नाही. करार गेला, अब्रू गेली. आणि ताईचं धाबं दणाणलं ते नेमकं उलट्या कारणानं. आता हा म्हणणार, पटर आपलाच आहे. बहीणभाऊ शेजारी शेजारी उभे, दोघंही त्या माणसाच्या तोंडाकडे बघताहेत, आणि दोघांच्या भीतीची तोंडं दोन दिशांना.

फिटरनं पटर उलटा केला. नखानं टकटक केलं, कान लावला. मानेजवळचा बारीक नंबर फोनमधल्या नंबराशी ताडून पाहिला. मग मान वर केली. "आहे आपलाच. पण हे काय फासलंय?"

"मी फासलंय," ताई घाईघाईनं म्हणाली. "तळ उन्हात चमकतो. त्याच्या डोळ्यांवर येतं."

"अहो बाई! एवढा देखणा तळ आमचा, त्याला पुट्टी फासलीत? भिंत आहे का ती?" तो वैतागून फोन कानाला लावत निघून गेला.

दार लागलं मात्र, ढब्बूनं ताईला कोपऱ्यात ओढलं. त्याचा चेहरा नुसता फुलला होता. "ताई, तू तर कमाल केलीस! खुद्द कंपनीचा माणूस फसला! नंबरसुद्धा कोरलास?"

"हो," ताई म्हणाली. एकदम हलकं वाटलं तिला. सुटलो बुवा. एवढा एक होल झाला की ती कधीतरी निवांत त्याला सांगेल, किंवा नाहीच सांगणार.

ढब्बू बाकावर बसला आणि खिशातून हिरवळीवरची चेंडूची खूण बुजवायचा छोटा दोन दातांचा काटा काढला. "आता तेवढी खाच मोकळी करतो. शेवटचा होल आहे. बाबांची खाच अंगठ्याला लागली की बरं वाटेल."

"अरे नको! खेळ चालू असताना पटरमध्ये बदल करायचा नसतो. पंचांनी बघितलं तर?"

"नुसता रंग तर खरवडतोय. पंच काय करणारेत?"

"ढब्बू, ठेव म्हणते ना!"

तिचा आवाज चढला तसं लांब्यानं वळून पाहिलं. पटर हिसकावून घ्यावासा वाटला तिला, पण सगळ्यांदेखत कशी घेणार? काटा रंगावर फिरू लागला. पुट्टीचे कपटे त्याच्या बुटांवर पडत होते. तो हसत होता, गुणगुणत होता. मग गुणगुणणं थांबलं. त्यानं शेजारी खरवडलं, आणखी शेजारी. पुट्टीखालून कंपनीचं चिन्ह वर आलं, यंत्रानं कापलेलं, स्वच्छ, कोरं करकरीत.

"ताई," तो म्हणाला, "खाच कुठंय?"

ह्या प्रश्नाला तिनं एकदा उत्तर दिलं होतं. ह्या वेळी ती वाकून त्याच्या बुटांवरचे कपटे झटकू लागली.

"जुना कुठंय?"

"दुकानात. फडक्यात गुंडाळून ठेवलाय." ती त्याच्या शेजारी बसली. "मोडला रे. मानेतून. तू आणून दिलास त्याच दिवशी."

तो ओरडेल असं तिला वाटलं होतं. तो ओरडला नाही. तळहातावर पटर धरून त्यानं त्या चिन्हावरून अंगठा फिरवला. "मग तो उतारावरचा लांब फटका?"

"ह्यानंच."

"वाऱ्यातले सगळे?"

"सगळे ह्यानंच. आणि ह्यानं म्हणजे तूच की! काठी काय आपली आपण फिरते?" तिला एकदम आशा वाटायला लागली. ती त्याचा दंड धरून हलवू लागली. "अरे ढब्बू, ऐकतोयस ना? तूच मारलेस. बाबांचा पटर नव्हताच. सगळं तुझं होतं."

तो पांढराफटक पडला. "असं नको म्हणूस."

"का?"

"पटरमुळे होतं ना, तर पटर बॅगेत असायचा. हात घालून बघता यायचा, आहे की नाही. मी केलं असेल तर..." त्यानं ओठांवरून जीभ फिरवली. "मी काय केलं ते मलाच माहीत नाही, ताई. मग परत कसं करू?"

ताईला रडू येऊ लागलं. कशाला त्या दिवशी एवढी अक्कल पाजळली, असं झालं तिला.

भोंगा पुन्हा वाजला. खेळ सुरू.

पहिले फटके त्यानं नीट मारले. अंगात भिनलेले होते, आपोआप झाले. चेंडू हिरवळीवर चढला, भोकाच्या दिशेनं गेला आणि एका छत्रीएवढ्या अंतरावर थांबला. हा गेला की कार्ड राहिलं. कुंपणापलीकडचे लोक गप्प झाले. ताईनं पटर पुढे केला आणि तो घेताना त्याची बोटं तिच्या बोटांना लागली. बर्फासारखी गार होती.

तो चेंडूपाशी उभा राहिला. पटर उलटा केला तसा अंगठा सवयीनं तळाकडे गेला, खाच शोधत फिरला, आणि खरवडलेल्या रंगाच्या कडेला अडकला. त्यानं पटर चेंडूमागे टेकवला तसं त्याचं टोक हलायला लागलं. आधी बारीक, मग कुंपणापलीकडूनही दिसेल इतकं. जुनी थरथर. तीच. ताईनं ती लगेच ओळखली.

तो मागे सरला. तिच्याजवळ आला. "ताई, काय करू?"

थाप मारायला ती तयार होती. अरे, मोडलेला तो बाबांचा नव्हताच, तुझी गंमत केली, असं काहीबाही ओठांवर आलंसुद्धा. पण त्याचे डोळे बघितले आणि तिच्याच्यानं होईना. "मला नाही माहीत रे," ती म्हणाली. "मी पण खूप भ्यायलेय."

तो परत गेला आणि थरथर थांबायची वाटही न बघता त्यानं चेंडू ढकलला. फटका वाकडा बसला. चेंडू भोकाच्या उजव्या कडेला गेला, काठावरून अर्धा फिरला, आता बाहेर पडतो असं वाटत असताना आत पडला.

टाळ्या सुरू झाल्या. लांब्यानं लांबून शिट्टी मारली. कंपनीचा फिटर फोटोवाल्याला पटरकडे बोट दाखवत होता, बघा, आमचा आहे, आमचा! ढब्बूनं हात वर केला नाही. तो ताईपाशी आला आणि पटर तिच्या हातात न देता तसाच धरून उभा राहिला.

"हा मी मारला?"

"तूच मारलास."

"हात असे हलत असताना?"

"हो रे राजा. मी बघितलं ना."

"मग पुढचा?" त्यानं विचारलं. "पुढल्या वर्षी पहिलाच असा आला तर?"

तिनं पटर हळूच सोडवून बगलेत धरला आणि त्याचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले. लोक अजून टाळ्या वाजवत होते. चार हात एकमेकांत घट्ट धरलेले, आणि त्यांतले कुणाचे थरथरताहेत ते दोघांनाही कळत नव्हतं.