चार मिलिमीटर

“ही खाच कानशीनं कुणी वाढवली?” विश्वजीतदादांनी गार्ड माझ्या टेबलावर आपटला.

कडबाकुट्टीच्या पात्यावर झाकण म्हणून बसणारा हा पत्र्याचा गार्ड आमच्या कुपवाडच्या शेडमध्ये बनतो. आठ दिवसांपूर्वी जतकडच्या एका गावात चालू यंत्रावरचा गार्ड थरथरत सरकला आणि रंगुबाई नावाच्या बाईची तीन बोटं गेली. बोल्टाची खाच हवी त्यापेक्षा लांब होती, म्हणून बोल्ट आवळूनही गार्ड जागेवर राहिला नव्हता. दादा आमचे मालक. गार्ड आणायला ते स्वतः गेले होते.

खाच लांब का झाली, ते मला पक्कं ठाऊक होतं. ड्रॉइंग माझं. कम्प्युटरवर वाकवलेल्या गार्डवर मी कमानीसारखी खाच काढली. पण पत्रा कापणाऱ्या लेसरला तो सपाट लागतो. मॉडेल उलगडलं तर पत्रा सपाट झाला आणि खाचेची माझी रेषा होती तिथेच लटकत राहिली. ती पत्र्याबरोबर उलगडायची कमांड असते. मला ती जमेना, आणि डिप्लोमाला पहिली आल्याचा तोरा असा की कुणाला विचारवेना. मग वाकवलेल्या गार्डवरची मापं घेऊन रेषा सपाट पत्र्यावर नव्यानं आखून टाकली. वाकवताना पत्र्याचं माप बदलतं, ते धरलंच नाही. चाळीस गार्ड वाकवून आले आणि खाच बोल्टापासून चार मिलिमीटर बाजूला.

तेव्हा मी आकारामकाकांना सगळं सांगितलं आणि त्यांनी मला सांभाळून घेतलं. काका कुंडलचे. तीस वर्षं पत्र्यावर हातानं आखणी केलेला माणूस, लेसर आल्यापासून नुसत्या कडा घासत होता. “गप बस. दादांस्नी सांगू नगंस. कानस मारतो, बोल्ट बसंल,” म्हणाले आणि दुपारभर चाळीस खाचा घासल्या. मला फार बरं वाटलं होतं.

“म्या वाढवली,” आता काका म्हणाले.

“कुणाला इचारून?”

“इचारलं न्हाई.”

दादा माझ्याकडे वळले. “ड्रॉइंग बरोबर हुतं न्हवं, दीपमाला?”

काका खाली बघत होते. मला फक्त ‘नाही’ म्हणायचं होतं.

“हो दादा,” मी म्हणाले.

दादांनी काकांना उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं. त्यांनी हात धुतले, डबा घेतला आणि माझ्या टेबलाशी येऊन थांबले. वाटलं, आता बोलतील. त्यांनी बोलावं असंही वाटलं.

“ती रेघ पत्र्याबरुबर न्यायला येतंय का आता तुला?”

“येतंय.”

“दाव बरं.”

मी दाखवलं. वाकवलेला गार्ड पडद्यावर सपाट झाला आणि कमान त्याच्याबरोबर उलगडत गेली. काकांनी पुन्हा एकदा करायला लावलं. डोळे बारीक करून बघत राहिले.

“झ्याक केलंस पोरी,” म्हणाले आणि गेले.

दादांची केबिन माझ्या खुर्चीपासून दहा पावलांवर होती. मी फाइल सेव्ह केली आणि पुढचं ड्रॉइंग उघडलं.